स्लीप अ‍ॅप्नियासाठी दातांवरचं उपकरण: पहिल्या रिपोर्टपासून दुसऱ्या रिपोर्टपर्यंत

स्लीप स्टडीच्या, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘मॉडरेट ओएसए’ असं लिहून आलेलं असतं, म्हणजे घसा बंद होऊन झोपेत श्वास अडण्याचा मध्यम आजार. छातीच्या डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, सांगितलेलं असतं, मशीन भाड्याने आणून काही रात्री लावूनही झालेलं असतं. मास्क नाकाला टोचतो, नळी कूस बदलू देत नाही, आणि वन-रूम-किचनमध्ये शेजारी झोपलेल्यांना घोरण्यापेक्षा मास्कमधून निसटणाऱ्या हवेची फुसफुसच जास्त जागवते. मग कोणीतरी सांगतं, ‘दातांत घालायचं काहीतरी मिळतं म्हणे, ते बघ ना.’

मिळतं, आणि बऱ्याच जणांना लागूही पडतं. पण होतं काय, की माणूस तडक कोपऱ्यावरच्या डेंटिस्टकडे जातो, माप देतो, काही दिवसांनी डबी घेऊन घरी येतो, घोरणं कमी होतं आणि घरचे सगळे सुटकेचा श्वास टाकतात. घोळ नेमका इथे आहे. घोरणं हा नुसता आवाज आहे. आजार म्हणजे झोपेत श्वास अडणं आणि त्यापायी रक्तातला ऑक्सिजन खाली जाणं. आवाज थांबला तरी श्वास अडत राहू शकतो. म्हणून या उपकरणाला दोन स्लीप स्टडी लागतात, एक ते बनवण्याआधी आणि एक ते तोंडात घालून. मी स्वतः दातांचा डॉक्टर आहे, आणि आमच्याच व्यवसायात ही दुसरी स्टडी बऱ्याचदा गाळली जाते, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या दुसऱ्या रिपोर्टपर्यंत नीट कसं पोहोचायचं याबद्दल आहे.

हे करतं काय

झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग खाली येतो. वाट अरुंद झाली की घोरणं, पूर्ण बंद झाली की अ‍ॅप्निया. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाचा श्वास मोकळा करायला भूलतज्ज्ञ त्याचा खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलतात. आपलं उपकरण तेच काम रात्रभर करतं. वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक साचा बसतो, दोन्ही एकमेकांना अशा तऱ्हेने जोडलेले असतात की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो. जबड्याबरोबर जिभेचं मूळ पुढे येतं आणि घसा बाजूंनीही रुंदावतो.

याला डॉक्टर मंडळी ‘मॅड’ (जबडा पुढे आणणारं उपकरण याचं इंग्रजी लघुरूप) म्हणतात, ‘ओरल अप्लायन्स’ म्हणतात, लॅबवाले नुसतं ‘अ‍ॅप्निया स्प्लिंट’ म्हणतात. मात्र दात खाण्याच्या सवयीसाठी जो ‘नाइट गार्ड’ देतात तो हा नव्हे. फक्त वरच्या दातांवर बसणारा साधा सपाट गार्ड जबडा पुढे आणत नाही, उलट काही लोकांत श्वासाची अडचण वाढवू शकतो. तुम्ही आधीपासून नाइट गार्ड वापरत असाल आणि घोरतही असाल, तर तुमच्या डेंटिस्टला या दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

सीपॅपशी तुलना करायची तर, १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी ते पहिल्यांदा मांडल्यापासून ताकदीत त्याला तोड सापडलेली नाही. श्वास अडण्याचा आकडा मशीन जास्त खाली आणतं. पण जे मशीन रात्री दोन वाजता काढून उशाशी ठेवलं जातं, ते उरलेल्या रात्री काहीच करत नाही. उपकरण लोक जास्त तास घालतात, त्यामुळे दिवसाची झोप आणि रक्तदाब अशा बाबतींत दोघांचा प्रत्यक्षातला फायदा बराच जवळ येतो. ज्याला मशीन सोसतं त्याने मात्र केवळ डबी छोटी आहे म्हणून मशीन सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: रिपोर्ट वाचायला शिका

फाइल घेऊन डेंटिस्टकडे जाण्याआधी रिपोर्टमधल्या चार गोष्टी स्वतः शोधून त्यांवर पेनाने खूण करा.

पहिली, एएचआय. झोपेच्या दर तासाला किती वेळा श्वास पूर्ण थांबला किंवा ठळकपणे उथळ झाला, त्याचा हा आकडा. किमान १० सेकंदांची अडचण असेल तरच ती मोजली जाते. मोठ्या माणसांत ५ च्या खाली म्हणजे ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीस म्हणजे रात्रभर सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा. नुसता आकडा डोळ्यांत भरत नाही, असा हिशेब केला की भरतो.

दुसरी, ऑक्सिजन. सर्वांत खाली किती गेला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला. दोन माणसांचा एएचआय सारखाच २२ असू शकतो. एकाचा ऑक्सिजन ८८ पर्यंत जाऊन परत येतो, दुसऱ्याचा ७२ पर्यंत घसरतो. या दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

तिसरी, ‘सुपाइन’ लिहिलेली ओळ, म्हणजे उताणं झोपल्यावरचा आकडा. उताणं झोपल्यावर ४० आणि कुशीवर ८ असं काही दिसलं तर ती आपल्या दृष्टीने चांगली बातमी आहे, कारण अशा लोकांत उपकरण बऱ्याचदा छान चालतं.

चौथी, ‘सेंट्रल’. ओएसएमध्ये छाती ओढ घेत असते पण घसा बंद असतो. सेंट्रल प्रकारात मेंदूकडून श्वासाचा आदेशच येत नाही, तिथे जबडा पुढे ओढून काही साधत नाही. रिपोर्टमध्ये सेंट्रलची संख्या मोठी असेल, तर दातांच्या दवाखान्याची वाट विसरा आणि झोपेच्या डॉक्टरांकडे परत जा.

आता, रिपोर्ट कुठल्या स्टडीचा आहे? हॉस्पिटलमध्ये रात्रभर डोक्याला तारा लावून केलेली असेल तर त्यात खरी झोप किती तास लागली हे कळतं. घरी पाठवतात ते छोटं यंत्र बहुधा मेंदूच्या लहरी मोजत नाही; ते अडचणींच्या संख्येला झोपेच्या नव्हे तर सगळ्या नोंदणीच्या वेळेने भागतं. तुम्ही त्या रात्री दोन तास तळमळत जागे होता, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. घरच्या स्टडीत ‘नॉर्मल’ आलं आणि तरीही दुपारी मान कोसळत असेल, तर हॉस्पिटलमधली स्टडी मागून घ्या. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेला ऑक्सिजन हा रिपोर्ट नव्हे, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

स्टडी अजून झालीच नसेल तर? मग हा लेख इथेच थांबवून आधी ती करून घ्या. जोडीदाराने झोपेत श्वास थांबताना पाहिलंय, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, दिवसभर थकवा असतो, वय ५० च्या पुढे, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर टाळाटाळ करण्यासारखं नाही. आपल्या मुंबईत हा आजार दुर्मीळ मुळीच नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदुजा हॉस्पिटलच्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाचे, नेहमीच्या हेल्थ चेकअपला आलेले, म्हणजे स्वतःला धडधाकट समजणारे पुरुष तपासले गेले. त्यांत लक्षणांसह स्लीप अ‍ॅप्निया असणाऱ्यांचं प्रमाण ७.५ टक्के निघालं. विरार लोकलमध्ये बसायला मिळताच बोरिवलीच्या आत डोळे मिटणाऱ्या सगळ्यांचं कारण पहाटे साडेचारचा गजर हेच असेल असं नाही.

दुसरी पायरी: झोपेच्या डॉक्टरांचा होकार

निदान करणं आणि उपकरणाला परवानगी देणं हे काम डेंटिस्टचं नाही. छातीच्या विकारांचे किंवा झोपेचे डॉक्टर रिपोर्ट बघून चिठ्ठी देतील, ती घ्या. ढोबळ मानाने चित्र असं असतं: सौम्य किंवा मध्यम ओएसए आणि तुम्हाला मशीन नको असेल, किंवा सोसत नसेल, तर उपकरण हा मान्य पर्याय आहे. तीव्र असेल तर आधी सीपॅपच. मनापासून प्रयत्न करूनही ते जमलंच नाही, तर काहीच न करण्यापेक्षा उपकरण बरं. नुसत्या घोरण्यासाठीही ते देतात, पण ‘नुसतं घोरणं’ आहे हे ठरायलाही स्टडीच लागते.

डॉक्टरांना नाकाबद्दल जरूर विचारा. नाकाचं हाड वाकडं आहे, बारमाही सर्दी आहे, तर उपकरण घालून तोंड मिटणं कठीण जातं आणि फायदा घटतो. अशा वेळी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची एक फेरी मारलेली बरी.

एक गट असा आहे की ज्याने या सगळ्या वाटेची वाट पाहत बसू नये. टॅक्सी, टेम्पो, बस चालवणारे, एक्सप्रेस वेवर पुण्याला गाडी नेणारे, आणि स्टीअरिंगवर ज्यांना एकदाही डुलकी लागली आहे असे लोक. उपकरण बसून, हळूहळू पुढे सरकून खात्रीने काम करू लागायला आठवडे-महिने लागतात. तेवढ्या काळात मशीन लावा किंवा गाडी दुसऱ्याच्या हातात द्या.

तिसरी पायरी: आरशासमोर पाच मिनिटं

उपकरण दातांना धरून उभं राहतं. धरायला दातच नीट नसतील तर पैसे वाया. दवाखान्यात जाण्याआधी एवढं घरी पाहून घ्या.

दात मोजा. साधारणपणे प्रत्येक जबड्यात आठेक तरी घट्ट दात हवेत, आणि तेही दोन्ही बाजूंना वाटलेले. पूर्ण कवळी असेल तर नेहमीचं उपकरण टिकत नाही. अशांसाठी जीभ पोकळ फुग्यात ओढून पुढे धरणारं वेगळं उपकरण असतं, पण त्याची सवय होणं फार अवघड.

एकेक दात बोटाने हलवून पहा. ब्रश करताना रक्त येतं का? हिरड्यांचा आजार आधी बरा करायचा, मग माप. रात्रभर जबडा मागे जायला बघतो आणि तो ताण दातांवर येतो. सैल दात त्यात आणखी सैल होतात.

तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालून पहा. हे मी आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम करायला लावतो. सुपारी, गुटखा, मावा यांच्या सवयीने गालाची आतली त्वचा कडक, पांढुरकी होते आणि तोंड उघडेनासं होतं. वरवर हसताना कळत नाही. मापाचा ट्रे आत जात नाही तेव्हा कळतं. बोटं मावत नसतील, तिखट खाल्ल्यावर आग होत असेल, तर अ‍ॅप्निया जरा बाजूला ठेवून आधी तोंड तपासून घ्या, कारण ती अवस्था कर्करोगाकडे जाऊ शकते.

खालचा जबडा पुढे काढा, वाकुल्या दाखवताना काढतो तसा. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे सहज जातात का? जेमतेम हलत असतील तर उपकरणाला सरकवायला जागाच उरत नाही. कानासमोर बोटं ठेवून तोंड उघडझाप करताना दुखतं का, जबडा अडकतो का, तेही पहा. नुसता ‘कट्’ आवाज येणं चालतं, दुखणं नाही.

चौथी पायरी: डेंटिस्ट निवडणं

मुंबईत डेंटिस्टची पाटी दर दोन इमारतींआड दिसते, पण हे काम नियमित करणारे मोजके. फोन करून सरळ विचारा: अ‍ॅप्नियाची उपकरणं तुम्ही स्वतः देता का, स्लीप स्टडीचा रिपोर्ट मागता का, नंतर पुन्हा स्टडी करायला पाठवता का. तिसऱ्या प्रश्नावर ‘त्याची काही गरज नसते’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून दुसरा नंबर फिरवा. रिपोर्ट न बघता ‘या, आजच माप घेऊ’ म्हणणाऱ्यालाही तोच नियम. बहुतेक वेळा हे काम प्रोस्थोडॉन्टिस्ट (कवळी-कॅपचे तज्ज्ञ) किंवा ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) करतात, पण पदवीपेक्षा ही तीन उत्तरं जास्त बोलतात.

खाजगीत परवडत नसेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय इथे सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात चौकशी करा. हिरड्यांची सफाई, दात भरणं, कॅप ही आधीची कामं तरी तिथे कमी खर्चात उरकतात, आणि ती कामं थोडी नसतात. रांग असते, फेऱ्या होतात. अर्ध्या दिवसाची सुट्टी धरूनच जा.

पैशांचं म्हणाल तर आकडा लॅब, साहित्य आणि प्रकार यांवर इतका बदलतो की मी इथे लिहिलेला तुमच्या उपयोगी पडणार नाही. त्याऐवजी लेखी विचारून घ्या की त्या रकमेत नंतरच्या फेऱ्या धरल्या आहेत का, उपकरण तुटलं किंवा सैल झालं तर पुढचं काय, आणि दुसऱ्या स्टडीचा खर्च वेगळा आहे ना. मेडिक्लेम असेल तर ओपीडीतला दातांचा खर्च बहुधा नाकारला जातो, तरी झोपेच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडून कंपनीला आधी विचारायला काय हरकत आहे?

ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून स्वतः चावून बसवायची उपकरणं स्वस्त असतात. ती रात्रीत निसटतात, जाड असतात, आणि पुढे किती सरकवायचं याचं गणित तुमच्या हातात राहत नाही. ‘आधी स्वस्तातलं घालून बघू, जमलं तर चांगलं करू’ हा विचार शहाणपणाचा वाटतो खरा. पण ते जमलं नाही म्हणून मापाचंही जमणार नाही असं ठरत नाही, आणि लोक नेमकं तेच ठरवून मोकळे होतात.

पाचवी पायरी: माप

मापाच्या आधी दातांची बाकी सगळी कामं संपवा. रूट कॅनाल अर्धवट आहे, कॅप बसायची आहे, अक्कलदाढ काढायची आहे, तर ते आधी. उपकरण आजच्या दातांच्या आकारावर बनतं. महिन्याने नवी कॅप बसली की ते त्या दातावर अडतं.

पहिल्या भेटीत पूर्ण तपासणी, जबड्याचा पूर्ण एक्स-रे आणि दोन्ही जबड्यांचं माप होतं. माप ट्रेमध्ये मसाला भरून घेतात किंवा तोंडात छोटा कॅमेरा फिरवून स्कॅन करतात. उलटीची भावना लवकर येणाऱ्यांनी स्कॅन मागावा. तुमचे दात आज कसे मिळतात याचे फोटो आणि साचे जपून ठेवायला सांगा. पाच वर्षांनी दात हलले की नाही या वादात तेवढाच पुरावा कामाला येतो.

मग खरं महत्त्वाचं माप. एका खाचा असलेल्या पट्टीवर तुमचा जबडा सगळ्यात मागे किती आणि सगळ्यात पुढे किती जातो ते मोजतात. समजा ते अंतर १० मिलिमीटर भरलं, तर सुरुवात साधारण ५ ते ७ मिलिमीटरवर करतात. पहिल्याच दिवशी शेवटच्या टोकाला नेणारा डेंटिस्ट घाई करतोय असं समजा. उपकरण एकसंध घेऊ नका. वरचा आणि खालचा भाग वेगळे, आणि स्क्रूने किंवा बदलत्या पट्ट्यांनी पुढे-मागे करता येईल असं घ्या. त्यात तोंड थोडं उघडता येतं, पाणी पिता येतं, आणि पुढे सरकवायची सोय राहते.

सहावी पायरी: पहिल्या रात्री

पहिल्या दिवशी थेट झोपताना घालू नका. संध्याकाळी टीव्ही बघताना तासभर घाला. लाळ सुटेल, बोबडं बोलाल, घरचे हसतील. दोन-तीन संध्याकाळींनंतर रात्री घालून झोपा. मध्यरात्री नकळत काढून टाकलंत तरी हरकत नाही, दुसऱ्या रात्री पुन्हा.

उशी लाळेने ओली होणं, काहींचं उलट तोंड कोरडं पडणं, सकाळी पुढचे दात आवळल्यासारखे वाटणं, कानासमोर जडपणा, हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत येतं आणि बहुतेकांत ओसरतं. एकाच दातावर ठणका लागला किंवा हिरडीला जखम झाली तर ते सवयीने जात नाही. दवाखान्यात घासून घ्यावं लागतं. घरी कानशीने किंवा सुरीने प्रयोग नकोत.

सकाळी काढल्यावर दाढा मिळत नाहीत, जबडा पुढेच अडकल्यासारखा वाटतो. घाबरू नका. पण त्याच अवस्थेत चहा-पोहे उरकून, डबा घेऊन पळालात की जबडा परत जागेवर नेण्याचं काम राहून जातं आणि वर्षानुवर्षं असंच राहिलं तर दात हलतात. म्हणून उपकरणाबरोबर सकाळी चावायचा एक छोटा साचा मागून घ्या. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत तो दातांत धरून हळूहळू चावायचं, दाढा पुन्हा पूर्वीसारख्या मिळेपर्यंत.

सातवी पायरी: हळूहळू पुढे

सवय झाली की जबडा थोडा थोडा पुढे नेतात. स्क्रूची एक फिरकी म्हणजे बहुधा पाव मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास. तुमच्या उपकरणाची किती, ते विचारून लिहून ठेवा. किती दिवसांनी किती फिरवायचं हे डेंटिस्ट सांगतील. त्यांनी सांगितलेल्यापेक्षा जास्त फिरवल्याने लवकर बरं वाटत नाही, जबडा मात्र लवकर दुखतो. दुखलं तर एक पायरी मागे या, आठवडा थांबा, पुन्हा पुढे.

नोंद ठेवायला कालनिर्णयसारखं भिंतीवरचं कॅलेंडर उत्तम. तारखेच्या चौकटीत फिरकी दिली त्या दिवशी एक खूण, रात्री काढून टाकलं तर फुली, आणि घोरण्याबद्दल शेजारी झोपणाऱ्याचा शेरा. हा शेरा त्यांनाच लिहू द्या, तुम्ही लिहिलेला खरा नसतो. एकटे राहत असाल तर फोनवर आवाज नोंदवणारं अ‍ॅप चालेल. आवाज कमी होतोय एवढंच त्यातून कळतं.

कुठे थांबायचं? घोरणं जवळजवळ गेलं, सकाळचं डोकं हलकं झालं, दुपारची पेंग ओसरली आणि जबडा दुखत नाहीये, ती जागा.

आठवी पायरी: दुसरी स्टडी

बरं वाटतंय, घरात शांतता आहे, आणि नेमक्या याच वेळी परत तारा लावून घ्यायला कोणालाही नको वाटतं. पण मशीन आणि उपकरण यांतला मोठा फरक इथे आहे. सीपॅप मशीन रोजचा हिशेब स्वतः ठेवतं, डॉक्टर तो कार्डवर किंवा फोनवर वाचू शकतात. उपकरण मुकं आहे. ते काम करतंय की नाही हे सांगणारी एकच गोष्ट, ते तोंडात घालून केलेली स्टडी.

ती झोपेच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, जमल्यास पहिल्यासारख्याच पद्धतीची, म्हणजे दोन रिपोर्ट शेजारी ठेवता येतील. एएचआय ५ च्या खाली आला तर उत्तम. निम्म्याहून कमी झाला आणि १० च्या खाली आहे, तर बहुतेक डॉक्टर समाधान मानतात. पण ऑक्सिजनची ओळही बघा, आणि त्या रात्री उताणं झोपलात का तेही. सगळी रात्र कुशीवर गेली असेल तर आकडा आपोआपच गोड येतो.

समाधानकारक नसेल तर वाटा बऱ्याच आहेत: अजून थोडं पुढे सरकवणं, पाठीला उशी बांधून कुशीवर झोपायची सवय, वजन उतरवणं, रात्रीची दारू आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं, किंवा परत मशीन. उपकरण आणि मशीन एकत्रही वापरता येतात. जबडा पुढे आला की मशीनला कमी दाब पुरू शकतो, आणि पूर्वी न सोसलेलं मशीन मग सोसतं. काही लोकांत उपकरण चालतच नाही, आणि कोणात चालणार नाही हे आधी खात्रीने सांगता येत नाही. पैसे घेण्याआधी हे तुम्हाला सांगितलं गेलं पाहिजे.

त्यानंतरची वर्षं

पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी डेंटिस्टकडे उपकरण बरोबर घेऊन जा. वर्षांगणिक वरचे पुढचे दात किंचित मागे आणि खालचे किंचित पुढे येतात, दाढांमध्ये फट पडू शकते. बऱ्याच जणांच्या ते लक्षातही येत नाही, आणि झालेला बदल बहुधा तसाच राहतो. अ‍ॅप्निया आटोक्यात राहण्याच्या बदल्यात तो पत्करायचा की नाही हा निर्णय तुमचा, पण जुने फोटो समोर ठेवून घ्या.

सफाई सोपी आहे. सकाळी काढल्याबरोबर साध्या पाण्याखाली मऊ ब्रश आणि अंगाचा साधा साबण. टूथपेस्ट नको, तिने बारीक चरे पडतात. गिझरचं कढत पाणी नको, साचा वाकतो. पुसून, पंख्याखाली वाळवून मगच डबीत. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत काहीच वाळत नाही, तेव्हा भोकं असलेली डबी घ्या आणि झाकण लावायची घाई करू नका. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर. लाळेचा वास असलेलं प्लॅस्टिक त्यांना फार आवडतं. उपकरण साधारण ३ ते ५ वर्षं जातं, दात खाणाऱ्यांचं त्याआधीच झिजतं.

वजन बरंच वाढलं, घोरणं परत सुरू झालं, किंवा दिवसा पुन्हा पेंग येऊ लागली, तर स्क्रू स्वतः फिरवत बसू नका, तिसरी स्टडी करा. गणपतीला कोकणात गावी जाताना सीपॅपवाल्यांना विजेची काळजी असते, तुम्हाला नाही. तेवढं सुख उपभोगा, फक्त डबी गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. आणि कधी कसल्याही शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्नियाबद्दल आधीच सांगा, दोन्ही रिपोर्ट दाखवा आणि उपकरण हॉस्पिटलच्या पिशवीत टाका. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री ते घालायचं का, कधीपासून, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.